जांभळा सरदार

टेलरबाईंच्या पत्राला ग्रंथपालांनी उत्तर दिलं नाही, पण ते विसरले म्हणून नव्हे. पत्र आल्यापासून एकही दिवस ते डोक्यातून गेलं नव्हतं. मागच्या उन्हाळ्याच्या शेवटी आलेलं ते पत्र त्यांनी शब्दकोशाच्या दोन खंडांमध्ये उभं खोचून ठेवलं होतं, आणि तेव्हापासून कोशाला हातच लावला नव्हता. एखादा शब्द अडला तर अंदाजाने लिहीत. जन्मभर काहीही अंदाजाने न लिहिलेल्या माणसाला ही शिक्षाच होती, पण उत्तर लिहिण्यापेक्षा सोपी.

ग्रंथपाल हे त्यांचं पद नव्हतं. ग्रंथालयात ते साहाय्यक म्हणून लागले आणि साहाय्यक म्हणूनच निवृत्त झाले. त्यांना ग्रंथपाल म्हणायला सुरुवात केली ती दातांच्या डॉक्टरांनी, फुलपाखरांच्या गणनेत, चारचौघांत, हसत हसत. ग्रंथपालांनी दोनतीनदा चाचरत दुरुस्ती केली, मग नाद सोडला. खरं सांगायचं तर त्यांना ते नाव आवडायला लागलं होतं.

ही गणना दर उन्हाळ्यात साऱ्या प्रांतभर चाले. हौशी माणसं आपापल्या ठरलेल्या वाटेने दुपारच्या उन्हात सावकाश चालत आणि दिसतील ती फुलपाखरं मोजत. दोघांची जोडी असे. पुढचा बघून नाव पुकारी, मागचा तक्त्यावर लिही. समोर आणि दोन्ही अंगांना चार-पाच पावलांच्या आत दिसेल तेवढंच धरायचं. मागे गेलं ते गेलं, मान वळवायची नाही. मान असे तो पुकारणाऱ्याला. लिहिणाऱ्याला कोणी विचारत नसे. डॉक्टर या भागाचे प्रमुख होते. खाणीकाठच्या वाटेवर टेलरबाई पुकारत आणि ग्रंथपाल लिहीत.

बाईंचं दुकान बस डेपोच्या मागे, जिन्याखालच्या खोलीत होतं. कोटाच्या बाह्या आखूड करायच्या, पोट सुटलेल्यांच्या पँटी सैल करायच्या, असलं काम. गणनेच्या दिवसांत त्या दुपारी दुकानाला कुलूप लावत आणि खाणीकडे निघत. नजर अशी, की करड्या दगडावर बसलेलं करडं पाखरू त्यांना दगडाआधी दिसे. त्यांचा तक्ता सगळ्यांत भरलेला असायचा आणि ते बोलून दाखवायची त्यांना खोड होती. एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या, डॉक्टर, तुम्ही सावली धरून चालता, फुलपाखरं उन्हात असतात. मंडळी हसली. डॉक्टर सगळ्यांत मोठ्याने हसले, आणि ते मनात ठेवून बसले.

मागच्या उन्हाळ्यात, गणनेच्या ऐन मध्यावर, खाणीच्या वळणाशी टेलरबाई अचानक थांबल्या. हात मागे करून त्यांनी ग्रंथपालांना थोपवलं. समोरच्या झुडपात, पानावर, पंख पसरून जांभळा सरदार बसला होता. हे नाव हौशी मंडळींचंच. हे पाखरू या भागात कुणी पाहिल्याला इतकी वर्षं झाली होती, की तक्त्यावर त्याचा रकाना केवळ सवयीने छापला जात होता. बाईंनी पुकारलं ते इतक्या हळू, की ग्रंथपालांना ओठांवरूनच कळलं. दुर्मिळ पाखराजवळ जायचं नाही, जागा हेरून ठेवायची आणि कळवायचं, असा नियम. बाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांचे डोळे भरून आले होते.

ग्रंथपालांचे डोळे कोरडे होते आणि चष्मा नवा होता. झुडूप वाऱ्याने हलत होतं आणि पाखरू पानासोबत हलत होतं, जराही कमी नाही, जराही जास्त नाही. पाठीच्या मधोमध काहीतरी चमकलं. लांब, काळ्या टाचणीचं डोकं. असल्या टाचण्या त्यांनी एकाच ठिकाणी पाहिल्या होत्या. डॉक्टरांच्या दवाखान्यात, वाट बघायच्या बाकासमोरच्या भिंतीवर, डॉक्टरांच्या वडिलांनी जमवलेल्या फुलपाखरांच्या काचेच्या पेट्यांत.

सांगावं, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण बाईंचा चेहरा बघून धीर झाला नाही. आणि आपलं चुकत असेल तर? त्यांनी तक्त्यावर सरदाराच्या रकान्यात 'एक' लिहिलं.

परत येताना वाटेच्या तोंडाशी डॉक्टर आणि त्यांचे इंजिनिअर मित्र उभे होते. त्यांची वाट खरं तर गावाच्या दुसऱ्या टोकाला. डॉक्टरांनी बाईंच्या डोक्यावरून ग्रंथपालांकडे बघून डोळा मारला. इतक्या वर्षांत ग्रंथपालांना कुणी डोळा मारला नव्हता. शाळेत नाही, कचेरीत नाही. जिथे जिथे चार माणसं मिळून कुणाची तरी गंमत करत होती, तिथे ग्रंथपाल एकतर बाहेर होते, नाहीतर गंमत त्यांचीच चालली होती. ते हसले. छान, मनापासून हसले. बाई पुढे गेल्यावर डॉक्टर म्हणाले की संध्याकाळच्या बैठकीत सांगू, तोवर तोंड उघडू नका, मजा येईल. ग्रंथपालांनी मान डोलावली.

पण बाईंनी संध्याकाळची वाट पाहिलीच नाही. दुकानात पोचताच त्यांनी मुख्य कार्यालयाला फोन लावला, आणि तिथला अधिकारी मोठा कॅमेरा घेऊन तासाभरात हजर झाला. सगळे खाणीच्या वळणाशी गोळा झाले. अधिकारी बराच वेळ वाकून फोटो काढत राहिला. मग त्याने हात पुढे केला आणि पान उचललं. टाचणी सगळ्यांना दिसली.

"तुमचा धंदा काय म्हणालात?" त्याने बाईंना विचारलं.

"शिवणकाम."

"हं," तो म्हणाला. "म्हणजे टाचण्यांना तोटा नाही."

इंजिनिअर खोकले. डॉक्टरांनी तोंड उघडलं. ग्रंथपालांना ते नीट दिसलं, खरोखर उघडलं होतं. पण गंमत आता गंमत राहिली नव्हती, त्याचं प्रकरण झालं होतं, आणि प्रमुखाची खुर्ची डॉक्टरांची होती. तोंड मिटलं. बाई ग्रंथपालांकडे वळल्या. "तुम्ही होतात ना माझ्याबरोबर?" त्यांनी विचारलं. ग्रंथपालांच्या बुटाची नाडी सुटली होती. ती बांधायला ते खाली वाकले आणि बराच वेळ बांधत राहिले.

मग जे व्हायचं ते झालं. बाईंना गणनेतून काढलं. एवढ्यावर भागलं नाही. ज्याने एक नोंद बनावट केली त्याच्या बाकीच्या नोंदी कशावरून खऱ्या, म्हणून त्यांच्या सगळ्या वर्षांची मोजणी रद्द झाली. डेपोतले ड्रायव्हर-कंडक्टर पँट घ्यायला येत तेव्हा विचारत, बाई, शिवलीय ना, की नुसती टाचलीय? बाईंची जीभ तिखट, पण आता त्या नुसती पँट पुढे सरकवत. गिऱ्हाईक हळूहळू दुसऱ्या दुकानाकडे वळलं.

त्यांनी ग्रंथपालांना लिहिलेल्या पत्रात रडगाणं काही नव्हतं. आपण दोघं बरोबर गेलो, बरोबर आलो, मी त्या झुडपाला हात लावला नाही, एवढंच कार्यालयाला लिहून कळवा, असं होतं. पुढचा उन्हाळा सुरू होईपर्यंत जोडीदाराचं निवेदन आलं तर कार्यालय फेरविचार करणार होतं. खाली सही, आणि सहीखाली पुन्हा एक ओळ: तुमचं अक्षर चांगलं आहे.

आता तो उन्हाळा येऊन ठेपला होता. डॉक्टरांनी ग्रंथपालांना दवाखान्यात बोलावलं, स्वतःच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं, चहा मागवला. भिंतीवरच्या पेट्यांपैकी एक दिसत नव्हती; तिच्या जागी दात कसे घासावेत याचं चित्र लावलं होतं. खाणीची वाट रिकामी आहे, डॉक्टर म्हणाले, आणि तिथे पुकारायला तुमच्याइतका अभ्यासू माणूस दुसरा नाही. लिहायला कोणीतरी देतो तुम्हाला. मग पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आपल्यातलाच माणूस हवा तिथे."

ग्रंथपाल घरी आले ते जवळजवळ तरंगत. पुकारणारा. रात्री जेवताना त्यांनी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, अहो, तुमचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू येत नाही, तुम्ही काय पुकारणार? पण तिलाही बरं वाटलेलं दिसलं. नंतर त्यांना झोप येईना. उन्हाळा सुरू व्हायला आठवडाही उरला नव्हता, आणि पत्र कोशातच होतं.

दुसऱ्या दिवशी ते एक धड असलेली पँट पिशवीत घालून टेलरबाईंच्या दुकानी गेले. बाईंनी बघून घेतलं, पण आश्चर्य दाखवलं नाही. पँट घालून या म्हणाल्या, आणि पडद्याआडून ते बाहेर आल्यावर त्यांच्या पायाशी गुडघे टेकून बसल्या. ओठांत टाचण्या होत्या. आधी डावा पाय मोजला. उजव्या पायाशी आल्यावर टाचण्या काढून हातात घेतल्या.

"पँट लांबीला बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

ग्रंथपाल म्हणाले की हो, म्हणजे, त्यांनाही तसंच वाटत होतं.

"मग कशाला आलात?"

 बाई खाली बसूनच वर बघत होत्या. "एक सांगा. ते हलत नव्हतं, हे तुम्हाला दिसलं होतं ना? मला नाही दिसलं, माझ्या डोळ्यांत पाणी होतं. तुमच्या डोळ्यांत काय होतं?"

बाहेर बस मागे घेत होते. कंडक्टरची शिट्टी वाजत राहिली. ती थांबेपर्यंत ग्रंथपालांना वेळ मिळाला. "लिहितो मी," ते म्हणाले. "आजच लिहितो. सगळं लिहितो."

 बाई उठल्या, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. म्हणाल्या, ग्रंथपाल, मला ती वाट नको. ती तुम्हाला दिलीय म्हणे, खुशाल चाला. माझी मागची वर्षं तेवढी परत मिळू देत. त्यात खोटं काही नाही हो.  ग्रंथपालांनी बाईंना शब्द दिला, पडद्याआड जाऊन कपडे बदलले आणि पँट तिथेच विसरून ते जुन्या पँटीवर घरी आले.

त्या संध्याकाळी त्यांनी खरोखरच सगळं लिहिलं. झुडूप, वारा, काळी टाचणी, दवाखान्याची भिंत, डोळा मारणं, स्वतःचं हसणं. चार पानं झाली. लिहून झाल्यावर इतकं हलकं वाटलं, की त्यांनी ती बायकोला वाचून दाखवली. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "डॉक्टरांचं नाव कशाला? दात कोण बघणार तुमचे?"

ते हसले, पण तिचं अगदीच चूक नव्हतं. डॉक्टरांनी टाचणी खोचताना त्यांनी पाहिलं थोडंच होतं? ऐकीव गोष्ट आणि पाहिलेली गोष्ट यांत फरक करायला ते आयुष्यभर लोकांना शिकवत आले होते. डॉक्टरांचा परिच्छेद त्यांनी काढला. तो काढल्यावर दवाखान्याच्या पेट्या लोंबकळायला लागल्या, म्हणून त्याही काढल्या. मग डोळा मारणं एकटंच विचित्र दिसायला लागलं.

दुसऱ्या दिवशी वाचताना टाचणीवर अडले. टाचणीच होती का? ऊन होतं, पान ओलं असेल, चष्मा नवा होता. शंका असेल तर लिहायचं नाही. आणि टाचणी दिसली होती असं म्हटलं, तर मग 'एक' का लिहिलंत, हा प्रश्न येणार. टाचणी गेली. बाईंनी झुडपाला हात लावला नाही, हे वाक्य राहिलं होतं. पण त्या दुपारपुरतं ठीक. त्या सकाळी, आदल्या दिवशी तिथे गेल्या नसतील असं आपण कोण सांगणार? अर्धवट खरं सांगण्यापेक्षा न सांगितलेलं बरं, असं त्यांच्या मनाने घेतलं. त्यांनी ते वाक्यही खोडलं आणि हात जरा दुखला म्हणून बोटं मोडली.

मग कार्यालयाला लिहिण्यासारखं त्यात काही उरलं नाही. उरलं ते बाईंना पाठवता येण्यासारखं होतं, आणि पत्राला उत्तर ज्याने पत्र लिहिलं त्यालाच द्यावं, हेच रीतसर. त्यांनी कोरा कागद घेतला आणि चांगल्या अक्षरात उतरवलं:

'आपले पत्र मिळाले. उत्तरास विलंब झाला याबद्दल क्षमस्व. त्या दिवशीचे मला आता नीटसे आठवत नाही. प्रकृतीस जपावे.'

पुन्हा वाचलं. एकही शब्द बदलण्यासारखा नव्हता. इतकं स्वच्छ लेखन आपल्या हातून फार दिवसांत झालं नाही, असं वाटून त्यांना बरं वाटलं.

गणनेच्या पहिल्या दुपारी ते टोपी घालून, गळ्यात पुकारणाऱ्याचं ओळखपत्र अडकवून निघाले. डेपोचा रस्ता टाळून लांबून गेले. चौकातल्या पेटीपाशी थांबून पाकिटावर तिकीट सरळ लागलंय ना ते पाहिलं, कोपरा जरा उचलला होता तो अंगठ्याने दाबला, आणि पत्र पेटीत टाकलं.