कुंपणातली नऊ झुडपे

१४ ऑक्टोबर, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. रुग्णालयाच्या दर्शनी कुंपणात अठ्ठेचाळीस झुडपे होती. त्यांपैकी सतरा करपली होती.

अधीक्षकांनी माळ्याला आदल्या दिवशीच बजावले होते: महिनाअखेरीस निम्मी, म्हणजे चोवीस झुडपे हिरवी असली तर कुंपण राहील, नाहीतर तिथे पत्रा ठोकला जाईल. तळमजल्यावरच्या रुग्णांना मग खिडकीतून पत्राच दिसणार होता.

उद्यान विभागाच्या तपासनीस बाईंनी खोडाची साल नखाने खरवडली. आत तपकिरी पट्टा होता.

"छाटणी कधी केलीत, काका?"

"पाऊस थांबल्यावर लगेच. पानं ओली होती, पण ओळ वाकडी दिसत होती."

"मधे कात्री पुसलीत?"

"काम संपल्यावर पुसली. रोज पुसतो."

बाईंनी फाटकापासून ओळीवर नजर फिरवली. कात्री फाटकाकडून निघाली होती. करपाही तिथूनच निघाला होता.

"लगतची नऊ वरून हिरवी दिसतात, पण बुरशी आत शिरलीय," त्या म्हणाल्या. "ती ठेवलीत तर उरलेलीही जातील."

म्हणजे शिल्लक बावीस.

दुपारी जेवताना माळ्याची बायको म्हणाली, "महिनाभर ती नऊ हिरवी राहतील ना? मग राहू द्या. साहेब काही साल खरवडून मोजत नाहीत."

"आणि नंतर?"

"नंतरचं नंतर. जन्मभर घरात चादरीची टोकं सरळ करत आलात, त्या कात्रीचं तोंड मात्र वेळेवर धुतलं नाहीत."

"बोल. आज ऐकून घेतो."

तो गुडघ्यावर हात टेकून उठला.

"निघालात? कंबर धरली तर मला हाका मारू नका," असे म्हणत तिने डबा आवरला आणि कोपऱ्यातली कुदळ उचलली.

सतरा करपलेली आणि नऊ हिरवी, अशी सव्वीस झुडपे त्या दोघांनी संध्याकाळपर्यंत उपटली. प्रत्येक झुडपानंतर माळी कुदळीचे पाते स्पिरिटने पुसत होता.

महिनाअखेरीस अधीक्षक मोजत गेले आणि थांबले.

"बावीसच आहेत. दोन तरी ठेवायची होतीत, काका."

"ती आजारी होती, साहेब."

"मला पत्रा लावावा लागेल."

"लावा. ही मागच्या अंगणात नेऊ का?"

अधीक्षकांनी होकारार्थी मान हलवली. पत्रा येण्यापूर्वी माळ्याने बावीस झुडपे मुळांच्या मातीसकट मागे नेऊन लावली. मार्चअखेर त्यांतली एकोणीस जगली.