रवळूअण्णांनी मारलेली फुंक

मित्रांनो, मी बेळगावच्या एका छोट्या दवाखान्यातला जुना श्वासमापक. माझ्या नळीत सावकाश फुंकलं की श्वासातला एक वायू मोजून मी आकडा दाखवतो. आकडा मोठा आला, म्हणजे दमेकऱ्याच्या श्वासनलिका आतून सुजलेल्या. नवा होतो तेव्हा काय कौतुक होतं माझं! आता अंगावर चहाचे डाग, धूळ पुसायला कुणाला सवड नाही. असो, रडगाणं पुरे. पण आपला आकडा कधी चुकत नाही, हा तोरा मात्र होता.

तो उतरवला उचगावच्या रवळूअण्णांनी. उद्यमबागेतल्या फौंड्रीत ते कामाला. गेल्या महिन्यात भट्टीसमोरच त्यांचा श्वास कोंडला, ओठ निळे पडले. जीव थोडक्यात वाचला. तेव्हापासून दोन्ही वेळा औषधाचा पंप चालू होता.

मग एके दिवशी तपासणीसाठी ते बायकोला, मालुबाईंना, घेऊन आले आणि फुंकले. आकडा उमटला, एकवीस!

"सूज उतरली की!" डॉक्टर सौम्या खूश झाल्या. "आता पंप बंद करून बघूया."

पण फुंकेत बिडीचा धूर होता, आणि धुरानं माझा आकडा खोटाच खाली येतो. औषध सुटलं तर हा माणूस पुन्हा भट्टीसमोर कोसळणार! पण मी सांगणार कसं? डॉक्टरांनी पेन उचललंसुद्धा.

"सकाळपासून काही खाल्लं-प्यायलं नाही ना?" लिहिता लिहिता त्यांनी विचारलं.

"घोटभर पाणी बी न्हाय!" रवळूअण्णा छाती फुगवून म्हणाले.

"व्हय, चा बी सोडला," मालुबाई म्हणाल्या. "नुसत्या दोन बिड्या वडल्या दारात. त्या काय पोटात जात्यात व्हय?"

पेन थांबलं.

"फुंकायचं लई भ्या वाटत हुतं, मॅडम, म्हून वडल्या," अण्णा पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी ते बिडीला हात न लावता आले. फुंकले. चोपन्न!

"मी काल बोलले नसते तर ओ, डॉक्टरबाई?" मालुबाईंनी विचारलं. डॉक्टरांनी पंप चालूच ठेवायला लिहून दिलं.

म्हणून हात जोडून सांगतो, मित्रांनो, फुंकण्याआधी बिडी ओढली असेल तर सांगा. कुणी विचारलं नाही तरी सांगा. माझा आकडा बघून माणसाचं औषध थांबतं, आणि मला ओरडता येत नाही.