दीड तासाचा पल्ला

"बुवा, पुण्याहून बेंगळूर विमानानं दीड तास. आणि तुम्ही निपाणीहून रात्रभर बसमध्ये हाडं खिळखिळी करून घेता, तेही एक दिवस आधी," पुरुषोत्तम सगळ्यांदेखत म्हणाला होता. दयानंदबुवा नुसतेच हसले होते.

बुवांच्या कीर्तनाला पेटी पुरुषोत्तमचीच. त्या दिवशी सकाळी तो ऑफिसच्या कामाला पुण्याला गेला. कीर्तन बेंगळुरात संध्याकाळी सहाला, परतीचं विमान उतरणार चार वीसला. उतरलंही वेळेवर. त्यानं निवांत कॉफी घेतली, मग टॅक्सी धरली. एवढ्या चोख हिशेबात विमानतळ ते सर्जापूर रोडवरची कीर्तनाची सोसायटी हा पल्ला तेवढा धरायचा राहिला होता. सहाला टॅक्सी हेब्बाळच्या पुलावर रुतलेली असताना फोन आला. तबल्यावरचे यल्लाप्पा होते.

"अण्णा, कुठवर आलात? बुवा उभे राहिलेत."

त्या दीड तासाची बढाई घशाशी आली आणि तोंडातून भलतंच निघून गेलं. "विमान वरच घिरट्या घालतंय हो. उतरू देत नाहीत."

"अरे देवा," म्हणून यल्लाप्पांनी फोन ठेवला. ते उभ्या जन्मात विमानात बसले नव्हते.

आठ वाजता तो सोसायटीच्या हॉलपाशी पोचला, तर आतून नुसता नामाचा गजर. दीडशे माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. पेटी बंद, तिच्यावर कुणीतरी फूल ठेवलेलं. दारातल्या महानंदाक्का डोळे पुसत म्हणाल्या, "आलास बाबा. पूर्वरंग झाल्यावर बुवा म्हणाले, आपला पेटीवाला आकाशात अडकलाय, तो उतरेपर्यंत नाम थांबवायचं नाही. तासभर चाललंय."

पुरुषोत्तमनं आत पाहिलं. निम्मी माणसं आयटीतली, महिन्याला दोनदा उडणारी. हवेत घिरट्या घालणारा माणूस फोन उचलत नाही, हे त्यांना काय सांगायला हवं? तरी कुणी तोंड उघडलं नव्हतं. त्याची बायको शुभदा पहिल्या रांगेत मान खाली घालून टाळ्या वाजवत होती. तिचे कान लाल झाले होते. तिनं वर पाहिलं नाही.

बुवांनी मात्र पाहिलं. ते गादीवरून उतरून आले, मध्यंतरात घातलेला स्वतःच्या गळ्यातला हार काढून त्यांनी त्याच्या गळ्यात घातला आणि त्याला पोटाशी धरलं. घामाचा, बुक्क्याचा वास आला. सत्तरी उलटलेला तो माणूस दमून थरथरत होता.

"सुखरूप उतरलात. पांडुरंगानं ऐकलं."

आता गप्प राहिलं तरी चाललं असतं. पण हार मानेला टोचत होता.

"बुवा," तो म्हणाला, आणि गजर थांबल्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं, "विमान चार वीसलाच उतरलं होतं. मी यल्लाप्पांशी खोटं बोललो."

यल्लाप्पा तबल्यावरची हातोडी उगाच इकडून तिकडे ठेवत राहिले. पुरुषोत्तम हार काढायला गेला, तर बुवांनी त्याचा हात धरला.

"राहू द्या. तो उतरलेल्याचा आहे. तुम्ही आत्ता उतरलात." मग घसा खाकरून म्हणाले, "काळी चारचा सूर द्या. उत्तररंग राहिलाय."

त्यानं पेटी उघडली. हार गळ्यातच ठेवून, मान न उचलता, तो शेवटच्या आरतीपर्यंत वाजवत राहिला.