शेवटच्या गाडीची चावी

स्कूटरची एजन्सी बंद होणार हे कळलं तेव्हा मी शोरूमची काच पुसत होतो. हे काम बायकोचं. ती गेल्यापासून मी करतो, आणि माझ्या हातून काचेवर रेघा राहतात. कंपनीचे एरिया मॅनेजर बाहेर येऊन उभे राहिले. काचेच्या एका बाजूला मी, फडकं घेऊन, दुसऱ्या बाजूला ते. आत यायला त्यांचा पाय उचलेना, तेव्हाच मी काय ते समजलो.

"फोनवर सांगता आलं असतं काका, पण ते बरं दिसलं नसतं," साहेब म्हणाले.

कंपनी नवी रचना करत होती. लहान गावांतल्या एजन्सी बंद, शहरात एकच मोठं शोरूम, बाकी सगळं मोबाइलवर. साहेब वयाने लहान, मनाने चांगले. त्यांनी चहाला हात लावला नाही.

"तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही हो. उलट तुमच्या गाड्या पडून, आदळून दुरुस्तीला येतच नाहीत. आमच्या मीटिंगमध्ये विचारतात, हे लोक करतात तरी काय?"

"वहिनी चावी देत नाहीत म्हणावं!" मागच्या शेडमधून मिस्त्री ओरडला.

मिस्त्री अजून तिच्याबद्दल तसंच बोलतो, ती आत जेवायला बसली असावी तसं. मी त्याला कधी टोकलं नाही.

चावीचं खरं आहे. आमच्याकडे गाडी घेणाऱ्याला नुसती रक्कम भरून चावी मिळत नसे. शोरूममागच्या अंगणात बायकोने चुन्याने इंग्रजी आठचा आकडा काढला होता. गिऱ्हाइकाने त्यावरून शोरूमची सरावाची गाडी फिरवायची, तिने हात वर केला की ब्रेक लावायचा, आणि शेवटी आपली नवी गाडी स्वतः डबल स्टँडला लावायची. तोवर नव्या गाडीची चावी दाखवायला म्हणून सुद्धा हातात द्यायची नाही. "जिला उभं करता येत नाही, ती गाडी तुमची नाही," असं तोंडावर सांगायची. एक पैलवान गडी एकदा खूप चिडला होता. मी लहानपणापासून गाड्या चालवतो म्हणाला. ती म्हणाली, "मग पटकन होईल की." त्याला संध्याकाळ झाली. पुढच्या वर्षी तो आपल्या बायकोला घेऊन आला, आणि मी काही बोलायच्या आत तिला म्हणाला, "आधी मागच्या अंगणात जा."

बायका तर तिच्या भरवशावरच शिकल्या. शाळेतल्या मास्तरीणबाई, टपालवाली, पहाटे दूध घालणारी. आजही बाजारात कोणी न वाकता, न कण्हता गाडी स्टँडला लावली की मी ओळखतो, ही आमच्याकडची. छाती भरून येते. लपवत नाही.

साहेबांनी पुढचं सांगितलं. शनिवारी ट्रक येणार, उरलेल्या सगळ्या गाड्या परत नेणार.

"एक बुक झालेली आहे," मी म्हणालो. "हॉस्पिटलमधल्या नर्सबाईंची."

"ती शहरात वळवू. तिथून त्यांना घरपोच देतील."

"चावी कोण देणार?"

"ट्रकवाला देईल ना."

तोवर मी शांत होतो. एजन्सी गेली, ठीक आहे, कंपनीची होती. पण आमच्याकडची गाडी आणि चावी ट्रकवाला देणार? "ही गाडी इथूनच जाईल," मी म्हणालो.

"ट्रक येईपर्यंत गेली तर गेली काका. नंतर माझ्या हातात काही नाही."

नर्सबाईंनी गाडी बुक केली तेव्हा बायको धडधाकट होती. आठचा आकडा झाला, ब्रेक झाला, स्टँड जमायचं राहिलं, आणि बायको आजारी पडली. मग दोघींची भेट वॉर्डात व्हायला लागली. तिथेही शिकवणी चालूच. सलाईन लावलेल्या हाताने ती पलंगाचा दांडा दाखवायची, "डावा हात इथे, उजवा इथे, पाय खाली." नर्सबाई तिला ताई म्हणायच्या, म्हणून मी भाऊजी झालो. मी मात्र त्यांना सिस्टरच म्हणायचो. मिस्त्री म्हणायचा, "मालक, तुमचं नातं काही केल्या बसत नाही."

शनिवारी ट्रक येणार हे कळवल्यावर त्या रोज ड्यूटी संपली की यायला लागल्या. मी शिकवायचो. म्हणजे, मला येतं तसं. त्या हँडल धरायच्या, पाय स्टँडवर ठेवायच्या, आणि मी मागून गाडी उचलून धरायचो. गाडी चढायची. मी हात काढून घेतला की पुढच्या खेपेला चढायची नाही. शुक्रवार असाच गेला.

शनिवारी ट्रक आला. मिस्त्रीने आणि ड्रायव्हरने मिळून एकेक गाडी फळीवरून वर चढवली. शोरूममध्ये फरशीवर नुसते टायरचे डाग राहिले. सिस्टर युनिफॉर्मवरच आल्या होत्या. अंगणात आम्ही, ती एक गाडी, आणि दारात साहेब.

दोनदा झालं नाही. मी मागून धरलं तेव्हा झालं, पण ते खरं नाही हे त्यांनाही कळत होतं.

मिस्त्री जवळ येऊन हळूच म्हणाला, "मालक, देऊन टाका चावी. कोण बघतंय?"

"तू बघतोयस."

"मी डोळे मिटतो."

"आणि मी काय करू?"

खिशातल्या खिशात मी चावी मुठीत धरली. चावी द्यायची नाही, आणि गाडी ट्रकातही जाऊ द्यायची नाही, या दोन्हीत मी पुरता अडकलो होतो. साहेबांनी घड्याळात पाहिलं, मग बघितलंच नाही असं दाखवलं.

मी पुन्हा मागून गाडी धरली. "भाऊजी, सोडा," सिस्टर म्हणाल्या.

"पडेल."

"पडू दे. माझी आहे. ताई कुठे धरायच्या? त्या तिकडे भिंतीला टेकून उभ्या राहायच्या आणि चावी वाजवायच्या. तुम्ही धरलीत की मला गाडीचं वजनच कळत नाही."

इतकी वर्षं मी शोरूममध्ये, बिलं आणि गिऱ्हाइकं बघत. अंगणातला तिचा आवाज ऐकला होता, ती कुठे उभी असते ते बघितलं नव्हतं. हात काढायला मला वेळ लागला. भिंतीपाशी गेलो. टेकलो. खिशातून चावी काढून वाजवली.

गाडी एका अंगावर कलली. मिस्त्री धावला तर मी त्याला हाताने थांबवलं. सिस्टरनी सावरलं. पुन्हा पाय ठेवला आणि दोन्ही हातांनी ओढायला लागल्या. तेव्हा माझ्या तोंडून ते निघालं, तिच्याच सुरात, शेजारपाजारी ऐकतील एवढ्या मोठ्याने.

"ओढू नकोस! स्टँडचे दोन्ही पाय आधी टेकू दे. टेकले? आता त्यावर उभी राहा. सगळी उभी राहा!"

त्या सगळ्या उभ्या राहिल्या. गाडी मागे सरकली आणि खाडकन वर बसली.

ट्रकवाल्याने हॉर्न दिला. मिस्त्री म्हणाला, "वहिनी असत्या तर म्हणाल्या असत्या, आता उतरव आणि परत लाव." मग तेही केलं. परत लागली. मी चावी दिली. सिस्टर रडल्या नाहीत, हसल्या, आणि मला म्हणाल्या, "मला पहिल्यांदाच अगंतुगं केलंत भाऊजी. आता बसलं नातं."

साहेबांनी कागदावर सही घेतली. जाताना ते अंगणात थांबले आणि चुन्याच्या आकड्यावरून चालत एक फेरी मारली. ट्रकबरोबर आलेल्या माणसांनी कंपनीची पाटी उतरवली. खाली भिंतीचा जुना रंग निघाला, तिने निवडलेला. मी तो तसाच ठेवणार आहे.

चढाचा धडा बायको चावी दिल्यानंतर घ्यायची. दुसऱ्याची गाडी मागे घसरली तर माणसाला तेवढी धास्ती वाटत नाही, म्हणून चढ स्वतःच्याच गाडीवर शिकायचा, असं तिचं म्हणणं. सिस्टर सपाट रस्त्याने घरी गेल्या. जाताना म्हणाल्या, "चढ राहिला. रविवारी येऊ? पण रविवारी शोरूम बंद असतं ना?"

"आता रोजच बंद," मी म्हणालो. "ये."

तिचं हॉस्पिटल टेकडीवर आहे. चढावर मध्ये थांबून पुन्हा निघायचं कसं, ते तिला अजून शिकवायचं राहिलं आहे.