राखणीची स्कूटर

बेंगळुरात मी सायकल बाहेर काढली की माझा थोरला भाऊ अण्णा बजावायचा, "उजेड आहे तोवर घरी ये, महानंदा. बाईमाणसाला रस्त्याचा भरवसा नसतो." सत्त्याण्णव साली मी सायकल बसच्या टपावर चढवली आणि आत्याकडे कारवारला निघाले. अण्णा राखणीला आलाच.

तिथे दुपारी मी सायकल काढली, तर आतेभावाची स्कूटर घेऊन तो माझ्यामागून निघाला. मी मुद्दाम समुद्राकाठची खडीची वाट धरली. ना बस, ना लॉरी. इकडे लाटा, तिकडे भाताची खाचरं. दुसऱ्याच वळणावर स्कूटर वाळूत रुतली.

"स्वल्प, जरा थांब गं!" तो कानडी मिसळून ओरडला.

थांबते कशाला! मान वळवून म्हटलं, "उजेड आहे तोवर घरी जा, अण्णा. पुरुषमाणसाला ह्या रस्त्याचा भरवसा नसतो!"