उजवीकडची वाटी

आक्कांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये राज्य आक्कांचं, म्हणजे तिथल्या सिस्टरांचं. सर्जन आले नि गेले, छताचे दिवे दोनदा बदलले, पण गुडघ्याच्या ऑपरेशनचं टेबल सव्वीस वर्षं मांडलं ते आक्कांनीच. चिमटा बोटभर इकडचा तिकडे झाला तरी त्यांना मान न वळवता कळायचं. नाकावर माशी बसू देणाऱ्यांतल्या त्या नव्हत्याच.

त्यांचं एकाच माणसाशी वाजायचं, ते म्हणजे ब्रदरशी, थिएटरातल्या पुरुष नर्सशी. ब्रदर बाहेरून सामान द्यायचे, बाटल्या फोडायचे, वेळ लिहायचे आणि वर्षभर एकच तुणतुणं वाजवत होते, "आक्का, वाट्यांना लेबल लावू या."

"माझ्या स्वयंपाकघरात मिठाच्या नि साखरेच्या डब्यावर नाव नाही," आक्का म्हणायच्या. "आजवर कुणाचा चहा खारट झाला नाही. हात ओळखतो माझा."

वाद होता दोन वाट्यांचा. गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं की त्याच माणसाच्या मांडीमागची एक कंडरा, म्हणजे स्नायूची दोरी, काढून तिथे बसवतात. तिला ग्राफ्ट म्हणायचं. शरीरातून काढल्यापासून पुन्हा आत जाईपर्यंत ही दोरी टेबलावर असते. तिच्यात रक्त खेळत नाही, त्यामुळे हातातल्या सुईतून दिलेलं जंतूंचं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून या थिएटरचा नेमच होता: औषधाच्या पाण्यात गॉज, म्हणजे जाळीदार कापडाचा तुकडा, भिजवायचा, ग्राफ्ट त्यात गुंडाळायचा आणि पंधरा मिनिटं ठेवायचा. एका वाटीत हे औषध, दुसरीत साधं सलाईन. औषधाची पूड विरघळली की दोन्ही पाणी सारखंच दिसायचं. औषधाची वाटी कायम आक्कांच्या डाव्या हाताला.

त्या दिवशी टेबलवर फायरवाली होती. अग्निशामक दलातली, अठ्ठावीस वर्षांची, उजवा गुडघा गेलेली. दोन वर्षांपूर्वी दुसरीकडे कुठेतरी तिचं हेच ऑपरेशन झालं आणि बाराव्या दिवशी गुडघ्यात पू झाला. इथे आणली तेव्हा बसवलेलं सगळं काढून टाकावं लागलं. तो गुडघा धुताना आक्कांनी हात लावला होता. दोन हातमोज्यांतूनही चुलीवरून आत्ताच उतरवलेल्या पातेल्यासारखा चटका बसला होता. तो चटका त्या विसरल्या नव्हत्या.

सकाळी ट्रॉलीवर पडल्यापडल्या फायरवाली म्हणाली, "आक्का, मागे उजव्या पायातली दोरी वाया गेली. आता डाव्यातली काढणार. तिसरा पाय काही नाही माझ्याकडे."

"तिसरा लागणार पण नाही."

"साहेबांनी वर्षभराची मुदत दिलीय. ओझं खांद्यावर घेऊन शिडी चढले तर गाडीवर, नाहीतर जन्मभर फोन उचलत बसायचं." ती हसली, पण चादर मुठीत घट्ट धरलेली होती. "फोन उचलायला नव्हते गेले हो मी तिथे."

"हे बघ, पोरी," आक्का म्हणाल्या, "या खेपेला माझ्या परवानगीशिवाय एक जंतू आत जाणार नाही. शब्द आहे माझा."

कमरेत इंजेक्शन देऊन तिचा खालचा भाग बधिर केला. ती जागीच होती, छातीवरच्या पडद्यापलीकडे. दोरी डाव्या पायातून काढायची म्हणून आक्कांचं टेबल आज नेहमीच्या विरुद्ध बाजूला गेलं. ब्रदरचा हात उजव्या कडेलाच पोचत होता, म्हणून औषध त्यांनी तिकडच्या वाटीत ओतलं.

"आज उजवीकडे हं, आक्का. लेबल देऊ?"

"ऐकू येतं मला. लेबल ठेवा तुमच्या खिशात."

डॉक्टरांनी ग्राफ्ट काढला. आक्कांनी तो साफ केला, टोकांना टाके घातले, गॉज भिजवला, गुंडाळला. ब्रदरनी वेळ लिहिली. डॉक्टरांनी गुडघ्यात भोकं पाडली. काम कसं लोण्यासारखं चाललं होतं.

"आक्का, द्या ग्राफ्ट," डॉक्टर म्हणाले. "पुढची केस बाहेर खोळंबलीय."

आक्कांनी हात पुढे केला आणि त्यांची नजर वाट्यांवर गेली. उजवीकडची वाटी शंभर मिलीच्या रेघेवर जशीच्या तशी होती. डावीकडची चांगली खाली उतरली होती.

सव्वीस वर्षांच्या हाताने आज दगा दिला होता. तो सवयीने डावीकडे गेला होता आणि गॉज साध्या पाण्यात भिजला होता.

कुणी पाहिलं नव्हतं. ब्रदर पाठमोरे होते, डॉक्टरांचे डोळे दुर्बिणीच्या स्क्रीनवर दिसणाऱ्या गुडघ्यात. गप्प बसलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. शंभरातल्या बहुतेक गुडघ्यांत तसाही पू होत नाही. आणि बोलायचं तर ती पोर पलीकडे कान टवकारून पडलेली! सकाळी जिला शब्द दिला, तिच्यादेखत तोंडावर पडायचं?

पण या पोरीकडे तिसरा पाय नव्हता.

"डॉक्टर, थांबा," आक्का खणखणीत आवाजात म्हणाल्या. "ग्राफ्ट औषधात भिजलेला नाही. गॉज मी सलाईनमध्ये बुडवला. चूक माझी आहे."

ब्रदर वळले. डॉक्टरांनी एक मोठा श्वास सोडला.

"बरं, आता बुडवा दोन मिनिटं. औषध शिरेतून दिलेलंच आहे."

"शिरेतलं या दोरीला मिळत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. पंधरा म्हणजे पंधरा."

"आक्का, बाहेर केस—"

"बाहेरची थांबेल. ब्रदर, रक्त थांबवायचा मांडीचा पट्टा बांधून किती वेळ झाला?"

"पन्नास मिनिटं. दोन तासांपर्यंत चालतो."

"मग घाईचं कारण काय?"

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. आक्कांनी नजर हलवली नाही. तेवढ्यात पडद्यापलीकडून आवाज आला, "डॉक्टर, घ्या हो हवा तेवढा वेळ. मी कुठे पळून जातेय? कमरेखाली तर मी नाहीच!"

डॉक्टरांना हसू फुटलं. "पंधरा," ते म्हणाले आणि हात छातीशी धरून उभे राहिले.

आक्कांनी नवा गॉज घेतला. उजव्या वाटीत बुडवला, ग्राफ्ट गुंडाळला आणि वाटी खाली उतरलेली डोळ्यांनी बघितली. मग हात लांब केला. "ब्रदर, ते लेबल आणा."

ब्रदरनी पाकीट फोडून पुढे धरलं. वर्षभर बडबड करणारा माणूस, पण आज चकार शब्द काढला नाही. आक्कांना ते टोमण्यापेक्षा जास्त लागलं, आणि माणूस किती चांगला आहे हेही त्या दिवशी कळलं. पंधरा मिनिटांनी ग्राफ्ट आत गेला आणि पहिल्या झटक्यात घट्ट बसला.

बारावा दिवस आक्कांनी जीव मुठीत धरून काढला. काही झालं नाही.

दहा महिन्यांनी, जेवणाच्या सुट्टीत, फायरवाली थिएटरच्या दारात उभी राहिली. गणवेशात, थोडी धापा टाकत.

"लिफ्ट चालू आहे की गं," आक्का म्हणाल्या.

"माहितीय. चार मजले मुद्दाम चढले." मग तिला राहवलं नाही. "पास झाले, आक्का! सत्तर किलोचा पुतळा खांद्यावर घेऊन शिडी चढले नि उतरले. सोमवारपासून गाडीवर."

"बस आधी. गुडघा दाखव."

तिने विजार वर सरकवली. आक्कांनी उघड्या हाताची मागची बाजू गुडघ्यावर ठेवली, व्रणाच्या वर, खाली, दोन्ही बाजूंना. मग डावा गुडघा चाचपला, आणि परत उजवा.

"गार आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

फायरवालीने त्या हातावर आपला हात ठेवला. "एक विचारू? त्या दिवशी तुम्ही बोलला नसतात तरी मला काय कळणार होतं?"

"तुला नाही," आक्का म्हणाल्या. "पण आज गुडघा असाच गार असता ना, तरी मला हात लावायची हिंमत झाली नसती."