नववी खुंटी

"दाब," हे म्हणाले.

मी बटण दाबलं. कॉम्प्युटरचा पंखा अर्धा फेरा फिरला आणि थांबला. सकाळपासून ही अकरावी वेळ.

"पुन्हा दाब."

"अहो, बटण झिजेल आता!"

"एवढ्यात झिजत नसतं. दाब."

दाबलं. अर्धा फेरा, बस्स. माझं डोकं फिरायचंच बाकी होतं. जेवणाच्या टेबलावर ताट ठेवायला जागा नव्हती आणि माझ्या चार वाट्या स्क्रूंनी अडवल्या होत्या.

कॉम्प्युटर माझाच. मी घरी बसून डॉक्टरांचे रिपोर्ट टाइप करते. जुन्याने मान टाकली तेव्हा लेक म्हणाली, तयार आणू. मीच नको म्हणाले, म्हटलं तुझे बाबा जोडतील. एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणारा माझा नवरा, हात थरथरतो म्हणून कंपनीने दीड वर्षापूर्वी घरी पाठवला. तेव्हापासून या माणसाने स्क्रूड्रायव्हरला हात लावला नव्हता. नळ गळाला तरी प्लंबरला फोन. खिडकीशी बसायचं आणि समोरच्या इमारतीच्या लिफ्टचा आवाज ऐकून, "ब्रेक घासतोय," असं पुटपुटायचं. मला वाटलं, सुटे भाग समोर ठेवले की हात आपोआप चालतील. चाललेही. तीन दिवस शीळ घालत जोडला. आणि आता सुरूच होईना. विकतचं दुखणं, दुसरं काय!

रॅम काढून परत बसवली. वायरी उपटून परत खोचल्या. वीज पुरवणारा डबा शेजाऱ्यांकडून आणून लावून पाहिला. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

दुपारच्या सुट्टीत जावई डोकावला. पाच मिनिटं बघून म्हणाला, "बाबा, राहू द्या ना. मी दुकानात टाकतो, संध्याकाळपर्यंत करून देतील."

तो भल्यासाठीच बोलला. पण 'राहू द्या' कंपनीचे साहेबही असंच गोड आवाजात म्हणाले होते. ह्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. उजवा हात मांडीखाली सरकवला.

"न्या," म्हणाले.

आज हे खोकं दाराबाहेर गेलं, तर हा माणूस पुन्हा त्या खिडकीशी जाऊन बसणार, आणि मग तिथून उठायचा नाही.

"कोणी काही नेणार नाही," मी कडाडले. "जावईबापू, तुम्ही बसा. आणि अहो, लिफ्ट बंद पडली की काय करायचात? हात मांडीखाली घेऊन बसायचात?"

हे चिडले. "केबिनचा नाद सोडायचो! आधी नुसती मोटर फिरते का ते बघायचो."

"मग बघा की!"

मदरबोर्ड कॅबिनेटमधून बाहेर आला. त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला, वायरी जोडल्या. बटण कॅबिनेटला राहिलेलं, म्हणून स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दोन बारीक पिना एकत्र टेकवायच्या होत्या.

"मी करू का?" जावई पुढे झाला.

"नको."

पहिल्यांदा टोक घसरलं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा ह्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि टेकवलं. पंखा फिरला आणि फिरतच राहिला.

"अरेच्चा! बाहेर चालतंय, आत मरतंय," जावई म्हणाला. "म्हणजे कॅबिनेटच खराब."

"पत्र्याच्या डब्यात खराब व्हायला आहे काय?" हे गुरगुरले.

मी रिकाम्या कॅबिनेटमध्ये वाकून पाहिलं. बोर्डाची पाठ पत्र्याला लागू नये म्हणून खाली पितळेच्या बुटक्या खुंट्या असतात, त्यांवर बोर्ड आवळतात.

"खुंट्या किती लावल्यात?"

"भोकं तितक्या. नऊ."

"आणि बोर्डाला भोकं किती?"

ह्यांनी बोट ठेवून मोजली. आठ. बोर्ड उलटा केला, तर नवव्या खुंटीच्या जागी पाठीवर चकचकीत ओरखडा.

"इथूनच करंट पत्र्यात उतरत होता," हे हळूच म्हणाले.

दुसऱ्या मापाचा बोर्डही बसावा म्हणून कॅबिनेटला एक भोक जास्त होतं. दुसऱ्या कोणीही ते सोडलं असतं. पण बावीस वर्षांपूर्वी काम करताना लावलेल्या एका कठड्याचं एक भोक बोल्टवाचून राहिलं आणि ह्यांचा जोडीदार चौथ्या मजल्यावरून लिफ्टच्या खड्ड्यात पडून गेला. बोल्ट कोण विसरलं, ते कधीच कळलं नाही. त्यानंतर ह्यांच्या हातून एकही भोक रिकामं सुटलं नाही. घरातल्या खुर्च्यांचंसुद्धा.

"काढा ती," मी म्हणाले.

पकड खुंटीवर बसली आणि थांबली.

"रिकामं राहील गं."

"राहू दे. हे रिकामंच बरं."

ह्यांनी पकड पुन्हा घट्ट धरली. मग खुंटी सोडवली आणि शर्टाच्या खिशात टाकली. बोर्ड परत बसवला, आठ स्क्रू आवळले.

"दाब."

"मी नाही. तुम्ही दाबा."

ह्यांनी दाबलं. पंखा फिरायला लागला, पडदा उजळला. जावयाने टाळी वाजवली. मी मात्र सरळ रडले, त्याच्यासमोरच.

संध्याकाळी हे झाकण लावायला बसले, तेव्हा झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेली कागदाची पट्टी दिसली. दुरुस्ती झाली की लिफ्टच्या वहीत नोंद करायचे, तशीच:

'मधले एक भोक मुद्दाम रिकामे ठेवले आहे. पुढच्या मेकॅनिकने खुंटी लावू नये.'

खाली तारीख आणि दीड वर्षानंतरची पहिली सही. अक्षर पार वेडंवाकडं, पण पूर्ण नाव.

मी झाकण धरून ठेवलं आणि ह्यांनी चारही स्क्रू आवळले.